इशीनं शिकवलेला बाण

सन १९११. ऑगस्ट महिना संपत आला होता. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ओरोव्हिल नावाचं एक गाव आहे. त्या गावाबाहेरच्या खाटीकखान्यातली कुत्री जोरजोरात भुंकायला लागली, म्हणून माणसं बाहेर आली. पाहतात तो काय, कुंपणापाशी एक माणूस अंग चोरून उभा! वय पन्नाशीच्या आसपास, पोट खपाटीला गेलेलं, डोक्यावरचे केस जाळून आखूड केलेले आणि अंगावर गाडीच्या ताडपत्रीचा एक फाटका तुकडा. लोक त्याच्याशी इंग्रजीत बोलले, स्पॅनिशमध्ये बोलले, आसपासच्या इंडियन जमातींच्या भाषांमध्येही बोलून पाहिलं. त्याला एक अक्षर कळेना. शेरीफनं त्याला तुरुंगात नेऊन ठेवलं. गुन्हा काही नव्हता, पण बघ्यांच्या गर्दीपासून त्याला वाचवायला दुसरी जागाच नव्हती.

वर्तमानपत्रांत ही बातमी छापून आली. ती वाचून टी. टी. वॉटरमन नावाचे एक प्राध्यापक कॅलिफोर्निया विद्यापीठातून धावत आले. त्यांनी बरोबर याना भाषेतल्या शब्दांची यादी आणली होती. एकेक शब्द ते वाचून दाखवत होते आणि तो माणूस नुसता ऐकत होता. शेवटी वॉटरमन यांनी खाटेच्या लाकडाला हात लावून म्हटलं, “सिविनी.” सिविनी म्हणजे पिवळा पाइन, ज्याच्या लाकडाची ती खाट बनवली होती. त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला! तोही खाट थोपटत “सिविनी, सिविनी” म्हणू लागला. कित्येक वर्षांनी परक्या माणसाच्या तोंडून त्याला आपल्या बोलीतला शब्द ऐकू आला होता.

त्याचं नाव मात्र कुणालाच कधी कळलं नाही. आपलं नाव आपणच सांगणं त्याच्या लोकांच्या रीतीत बसत नव्हतं आणि ते सांगू शकेल असं दुसरं कुणी जिवंत उरलेलं नव्हतं. म्हणून मग सगळे त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे ‘माणूस’.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज का सांगताय? त्याचं असं आहे. ‘बुशक्राफ्ट’ हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. ऑस्ट्रेलियात आणि आफ्रिकेत इंग्रजी बोलणारे लोक रानाला ‘बुश’ म्हणतात. रानात रानातल्याच वस्तू वापरून राहण्याची विद्या म्हणजे बुशक्राफ्ट. आज जगभर हजारो लोक सुट्टीच्या दिवशी ही विद्या हौसेनं शिकतात. काडेपेटी न घेता विस्तव पेटवतात, दगडाची पाती घडवतात, सालीच्या दोऱ्या वळतात. क्वीन्सलँडचा जॉन प्लांट २०१५ पासून यूट्यूबवर ‘प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’ नावाचे चित्रपट दाखवतो. एक शब्दही न बोलता चिखलामातीतून घर उभारणारा तो माणूस तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. या हौसेच्या मुळाशी जी अनेक माणसं आहेत, त्यातलं एक ठळक नाव इशीचं आहे. विशेषतः धनुष्यबाणाच्या बाबतीत तर त्याचं ऋण फार मोठं आहे.

सोनं सापडलं आणि...

आधी थोडं मागे जाऊ. इशीचे लोक म्हणजे याना जमातीतली याही नावाची एक शाखा. लॅसन पर्वताच्या पायथ्याशी, मिल क्रीक आणि डिअर क्रीक या ओढ्यांच्या खोल दऱ्यांमध्ये ते राहत. हरणं, सामन मासे आणि ओकच्या फळांचं पीठ, असं त्यांचं खाणं. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि दुसऱ्याच वर्षापासून माणसांचे लोंढे आले. त्यांच्या गुरांनी कुरणं खाल्ली, सोनं धुण्याच्या कामांनी ओढे गढूळ केले. भुकेल्या याहींनी गुरं मारली की बंदूकवाल्या टोळ्या त्यांच्या वस्त्यांवर तुटून पडत. बायका, मुलं, म्हातारे, कुणालाही सोडत नसत. अशा कितीतरी मोहिमांचा खर्च तेव्हा सरकारी तिजोरीतून भागवला जाई, हे मुद्दाम सांगायला हवं. काहीशे माणसांची जमात १८७० च्या सुमारास मूठभर माणसांवर आली.

ही मूठभर माणसं डिअर क्रीकच्या दरीत लपली आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं लपूनच राहिली. पाऊल उमटू नये म्हणून ती दगडांवरून चालत. झुडपं तोडली तर खुणा राहतील, म्हणून झुडपांच्या खालून रांगत जात. विस्तव अगदी लहानसा करत, म्हणजे धूर वर दिसायच्या आत विरून जाई. आजकाल ‘सर्व्हायव्हल’ची शिबिरं होतात आणि त्यात दोन दिवस, फार तर आठवडा काढला की प्रमाणपत्र मिळतं. या माणसांना मात्र वाघ-अस्वलांपासून नव्हे, तर माणसांपासून जीव वाचवायचा होता!

१९०८ साली जमिनीची मोजणी करणाऱ्या एका तुकडीला त्यांची लपलेली वस्ती अचानक सापडली. तिथे एक आजारी म्हातारी पांघरुणाखाली पडली होती. ती इशीची आई असावी. तुकडीतल्या लोकांनी म्हातारीला काही केलं नाही, पण धनुष्यं, बाण, टोपल्या, कातडी पांघरुणं असं सगळं ‘आठवण’ म्हणून उचलून नेलं. विचार करा, ज्या वस्तूंवर थंडी काढायची, त्याच गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. बरोबरची एक बाई आणि एक म्हातारा त्या धावपळीत पांगले, ते पुन्हा दिसलेच नाहीत. त्यापुढची तीन वर्षं इशी एकटा होता. ओरोव्हिलच्या कुंपणापाशी तो आला, तेव्हा त्याचे केस जाळलेले होते ते सुतकामुळे.

संग्रहालयातला कारागीर

प्रोफेसर वॉटरमन आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेड क्रोबर यांनी इशीला सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात आणलं. तिथे त्याला राहायला खोली मिळाली. झाडलोटीला मदत करायची आणि महिना पंचवीस डॉलर घ्यायचे, अशी नोकरीही लागली. रविवारी दुपारी संग्रहालयात गर्दी जमायची. लोकांच्या देखत इशी विस्तव पाडायचा आणि बाणाची टोकं घडवायचा.

वर्तमानपत्रं त्याला ‘पाषाणयुगातला शेवटचा माणूस’ वगैरे म्हणत. मला हे वर्णन मुळीच पटत नाही. कारण इशी बाणाची टोकं कशाची करायचा, ठाऊक आहे? ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेची, म्हणजे ऑब्सिडियनची तर करायचाच. पण गोऱ्या लोकांनी फेकून दिलेल्या बाटल्यांचीही करायचा! बाटलीची काच म्हणजे एकसारखी, गाठ नसलेली, हवी तशी फुटणारी. चांगला माल कुठला ते हुशार कारागिराला सांगावं लागत नाही.

काम कसं चाले ते ऐका. डाव्या तळहातावर कातड्याचा तुकडा, त्यावर काचेची चकती. उजव्या हातात काठीला बांधलेलं हरणाच्या शिंगाचं टोक. ते चकतीच्या कडेला टेकवून असं दाबायचं, की खालच्या बाजूनं एक बारीक कपची उडते. मग चकती फिरवायची आणि पुन्हा दाबायचं. हातोडा नाही, ठोकाठोकी नाही, नुसता नेमका दाब. साधारण अर्ध्या तासात काटेकोर, दोन्ही बाजू सारख्या असलेलं पातं तयार! कधी कपची डोळ्यात गेली तर इशी खालची पापणी ओढून, मान खाली घालून, डोक्यावर एक सणसणीत चापट मारून घ्यायचा, की कपची खाली पडे. (हा उपाय तुम्ही करायचा नाही. आजचे हौशी लोक डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय या कामाला बसत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.) इशीची ही पद्धत एन. सी. नेल्सन नावाच्या पुरातत्त्वज्ञानं जवळ बसून टिपली आणि १९१६ साली छापली. जमिनीतून मिळणारी दगडी हत्यारं कशी घडली असतील, हे समजायला अशा नोंदींचा फार उपयोग होतो.

विस्तव पाडायची त्याची रीत आपल्याला अगदीच परकी वाटणार नाही. मऊ, वाळक्या लाकडाची एक चपटी फळी जमिनीवर ठेवायची. तिला लहानसा खळगा आणि त्या खळग्यातून कडेपर्यंत एक खाच. खळग्यात उभी काठी धरून ती दोन्ही तळहातांमध्ये भराभर घुसळायची. घर्षणानं लाकडाचा काळा भुगा होतो, तो खाचेत साठतो, तापतो आणि धुमसायला लागतो. मग तो वाळक्या गवताच्या गुंडाळ्यात घेऊन फुंकर घालायची. आपल्याकडे यज्ञासाठी अरणी घुसळून अग्नी काढतात, त्यामागचं तत्त्व हेच. फरक इतकाच, की तिथे मंथ्याला दोरी गुंडाळून ती रवीसारखी ओढतात.

आता गंमत बघा. हौशी माणूस घरून निघताना काडेपेटी मुद्दाम घरी ठेवतो आणि रानात जाऊन तळहाताला फोड येईपर्यंत काठी घुसळतो. पण इशीला गोऱ्या लोकांच्या वस्तूंमध्ये सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल? विमान? आगगाडी? उंच इमारती? छे! त्याला भावली ती काडेपेटी, आणि दुसरा सरस! ज्यानं जन्मभर काठी घुसळली आणि माशाचं कातडं उकळून सरस केला, त्यालाच या दोन वस्तूंची खरी किंमत कळणार. आजच्या बुशक्राफ्टवाल्याच्या खिशातही बहुधा ‘फेरो रॉड’ असतो. लोखंड आणि सेरियम वगैरे धातूंच्या मिश्रणाची ही कांडी. हे मिश्रण ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये शोधलं. सिगारेटच्या लायटरमधला बारीक ‘खडा’ असतो ना, तोच पदार्थ मोठा करून विकलेला! सुरीच्या पाठीनं ती कांडी खरवडली की सुमारे ३००० अंश सेल्सिअसच्या ठिणग्या पडतात. इशीला तो नक्की आवडला असता.

डॉक्टर आणि धनुष्य

संग्रहालयाच्या शेजारीच विद्यापीठाचं रुग्णालय होतं. तिथले शस्त्रक्रियातज्ज्ञ डॉ. सॅक्स्टन पोप १९१२ मध्ये इशीला भेटले आणि दोघांची गट्टी जमली. इशी त्यांना ‘कुवी’, म्हणजे वैद्य, म्हणायचा. इशी रुग्णालयात फिरायचा, रोग्यांजवळ उभा राहायचा. आणि फावल्या वेळात डॉक्टर शिष्य व्हायचे, इशी गुरुजी!

इशीचं धनुष्य ज्युनिपरच्या लाकडाचं होतं, जेमतेम साडेतीन फुटांचं. हरणाच्या पायातल्या शिरा तो दातांनी चावून मऊ करायचा, त्यांचे तंतू सुटे करायचा आणि धनुष्याच्या पाठीवर सरसानं चिकटवायचा. वाळताना त्या आवळतात, त्यामुळे आखूड धनुष्यालाही जोर येतो आणि ते मोडत नाही. बाणाच्या काड्या हेझलच्या. तोडायच्या, जुडी बांधून वाळवायच्या, मग निखाऱ्यावर शेकून हातानं सरळ करायच्या. काडीच्या टोकाला भोक पाडायचं तर हाडाचा टोचा दोन्ही पायांच्या अंगठ्यांमध्ये उभा धरायचा आणि काडीच तळहातांत फिरवायची. सामता मिळाला नाही म्हणून कुणाचं अडतं!

शिकारीला जायचं तर आदल्या दिवशी मासे खायचे नाहीत, तंबाखू ओढायची नाही. सकाळी आंघोळ करून उपाशीपोटी निघायचं, म्हणजे अंगाला वास राहत नाही. इशी बोटांवर ओठ चोखून अडकलेल्या सशाच्या पिलासारखा केविलवाणा आवाज काढायचा. तो ऐकून काय पुढ्यात येतं हे पाहायला पोपनी एका दुपारी बारा जागी हा प्रयोग करून घेतला. पाच ससे आणि एक रानमांजर आलं. मग दहा-वीस पावलांवर आलेल्या जनावरावर उकिडवं बसून बाण सोडायचा. लांबच्या लक्ष्यावर नेम धरायच्या खेळात इशी फारसा चमकत नसे. पोपच पुढे त्याच्याहून सरस झाले. पण शिकारीत जवळ जाणं हेच खरं कसब, आणि त्यात शिष्याला गुरूची सर आली नाही.

धनुष्याबद्दल इशीचे नियमही होते. ते सदा ताणलेलं ठेवायचं नाही, थकतं. उभं ठेवायचं नाही, आडवं ठेवायचं. त्यावरून कुणी ओलांडून जायचं नाही. आपल्याकडे पोथीला किंवा ताटाला पाय लागू देत नाहीत, तसंच हे. पोपनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, मात्र स्वतः पुढे इंग्लंडच्या जुन्या पद्धतीचं, यू झाडाचं लांब धनुष्य वापरायला घेतलं. हौस अशीच असते. हवं ते उचलते, बाकीचं पुस्तकात राहतं.

१९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन आणि पोप इशीबरोबर डिअर क्रीकला गेले. बरोबर पोप यांचा अकरा वर्षांचा मुलगाही होता. जिथे सगळी माणसं गमावली, तिथे परत जायला इशी सुरुवातीला मुळीच तयार नव्हता. पण गेल्यावर त्यानं जुन्या वस्त्यांच्या जागा दाखवल्या, झाडापाल्याची नावं आणि उपयोग सांगितले, ओढ्यात पोहला. त्या अकरा वर्षांच्या पोराला काय सुट्टी मिळाली असेल, कल्पना करा!

शहरात मात्र इशीला क्षयानं गाठलं. परक्यांचे रोग त्याच्या शरीराला ठाऊकच नव्हते. २५ मार्च १९१६ रोजी तो गेला. शवविच्छेदन करू नये असं क्रोबर यांनी न्यूयॉर्कहून कळकळीनं लिहिलं, पण पत्र उशिरा पोचलं. मित्रांनी शवपेटीत त्याचं धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांचं पीठ असं सामान ठेवलं. तरीही त्याचा मेंदू काढून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला गेला आणि तिथे एका टाकीत पडून राहिला. १९९९ मध्ये ही गोष्ट उघडकीला आली. कॅलिफोर्नियातल्या इंडियन लोकांनी तो परत मागितला. २००० साली यानांचे वंशज असलेल्या लोकांच्या हाती तो सोपवण्यात आला आणि त्यांनी इशीच्या रक्षेबरोबर एका गुप्त जागी दफन केला. ‘याना संपले’ असं पुस्तकं म्हणत होती, पण त्यांच्या रक्ताची माणसं आली आणि आपला माणूस घेऊन गेली!

डॉ. पोपनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं. ते वाचून अमेरिकेतली कितीतरी पोरं धनुष्यं करायला लागली. पोप यांचे सोबती आर्थर यंग यांनी आपल्या शिकारीचे चित्रपट गावोगाव दाखवले. त्यातला एक फ्रेड बेअर नावाच्या तरुणानं डेट्रॉइटमध्ये पाहिला. त्यानंच पुढे धनुष्यं बनवायचा मोठा कारखाना काढला. आज अमेरिकेत लाखो लोक हा छंद जोपासतात. १९८९ मध्ये तर अशा जुन्या विद्यांसाठी ‘सोसायटी ऑफ प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’ स्थापन झाली. ‘प्रिमिटिव्ह’ म्हणजे मागासलेलं किंवा प्राथमिक. तो शब्द पुष्कळ इंडियन लोकांना आवडत नाही, आणि त्या काचेच्या पात्याकडे पाहिलं की मलाही आवडत नाही. डिअर क्रीकच्या परिसरातलं सुमारे ४१ हजार एकर रान १९८४ पासून ‘इशी वाइल्डरनेस’ म्हणून राखलेलं आहे.

दोरी वळून पाहा

विस्तव आणि काच ही मोठ्यांच्या देखरेखीची कामं आहेत, ती घरी करू नका. पण याही लोकांचं एक काम तुम्ही आजच करू शकता, ते म्हणजे दोरी वळणं. ते मिल्कवीड नावाच्या झाडाच्या तंतूंची दोरी वळत. आपल्याकडे अंबाडीचा वाख, घायपाताचे तंतू किंवा केळीचं वाळलेलं सोपट चालेल. शहरात राहत असाल तर सुतळी उसवून तिचे तंतू घ्या.

हातभर लांबीची एक पातळ लड घ्या. ती बरोबर मध्यावर दुमडू नका, थोडी एका बाजूला दुमडा. (म्हणजे दोन्ही टोकं एकाच ठिकाणी संपणार नाहीत आणि पुढे नवी लड जोडता येईल.) दुमडलेला वेढा डाव्या चिमटीत धरा. आता दोन पदर झाले. वरच्या पदराला आपल्यापासून दूर असा पीळ द्या आणि तो पदर आपल्याकडे, खालच्या पदरावरून, आणा. आता जो पदर वर आला त्यालाही तसंच करा. डावी चिमट हळूहळू पुढे सरकवत राहा. प्रत्येक पदर एका दिशेनं उलगडू पाहतो आणि दोन्ही मिळून उलट्या दिशेनं. दोघे एकमेकांना अडवतात, म्हणून हात सोडला तरी दोरी सुटत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ हाच!

एखादा पदर संपत आला की त्याच्या टोकाला नवी लड बोटभर जोडून घ्या आणि तसंच वळत चला. पहिली वीतभर दोरी वेडीवाकडी होईल. दुसरी वीत बरी होते. हातभर झाली की दोन्ही टोकं दोघांनी धरून ओढा, आणि किती जाडीची दोरी किती ओझं पेलते ते पाण्याची बादली टांगून मोजा. आजोबा-आजी गावाकडचे असतील तर दोरी त्यांना दाखवा. बहुधा ते तुमच्या हातातून ती काढून घेतील आणि मांडीवर तळहात फिरवत तुमच्या दुप्पट वेगानं वळून दाखवतील.